फरशीवरचं युद्ध आणि एच. जी. वेल्स

दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं कॅम्पातल्या एका मित्राच्या घरी जमतो. खुर्च्या भिंतीला सारायच्या, सतरंजी गुंडाळायची आणि फरशीवर षटकोनी घरांचा नकाशा पसरायचा. खेळाचं नाव ‘स्टार फ्लीट बॅटल्स’. १९७९ साली अमेरिकेत निघालेला हा अंतराळयानांच्या लढाईचा खेळ इतका किचकट आहे, की त्याच्या नियमांपुढे आपलं व्याकरणाचं पुस्तक सोपं वाटावं. प्रत्येकाकडे आपापल्या यानाचा छापील कागद असतो. फेरीच्या सुरुवातीला यानातली ऊर्जा वाटून घ्यायची: वेगाला किती, शस्त्रांना किती, ढालींना किती. वेग जास्त घेतला तर शस्त्रं उपाशी राहतात. मग फेरीचे बत्तीस तुकडे करून एकेक घर पुढे सरकायचं. मार बसला की कागदावरचे चौकोन पेन्सिलीने खोडायचे. एक लढाई पाच-सहा तास सहज चालते.

मित्राचे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. बेळगावात ही रेजिमेंट म्हणजे घरचीच. गेल्या पावसाळ्यात एकदा ते चहाचा ट्रे घेऊन आले आणि माझा खोडून काळा झालेला कागद बघत उभे राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, की यात माणसं किती होती. कागदावर यानातल्या माणसांचीही एक रांग असते, पण आम्ही कुणी ती कधी मोजलीच नव्हती. काका हसले आणि आत गेले. मित्र यंदा सीडीएसच्या परीक्षेला बसतोय. त्यानंतर तो संध्याकाळभर गप्प होता.

तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. असे खेळ आले कुठून, हे शोधताना मी पोचले एच. जी. वेल्सपाशी. ‘द टाइम मशीन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणारा तोच वेल्स. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरची युद्धं आधीपासून खेळली जात होती. पण घरच्या फरशीवर, मित्रांबरोबर, निव्वळ मजेसाठी खेळायचं युद्ध सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेलं ते वेल्सने.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॉम्ली गावात झाला. वडील जोसेफ यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं आणि क्रिकेटच्या सामानाचं दुकान होतं. ते फारसं चालत नसे, म्हणून ते पैसे घेऊन क्रिकेटही खेळत. आई सारा लग्नाआधी मोठ्या घरांत कामाला होती. १८७४ मध्ये छोट्या बर्टीचा पाय मोडला आणि तो कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. वडील वाचनालयातून पुस्तकं आणून देत. वाचनाचं वेड लागलं ते तिथेच. तीन वर्षांनी वडिलांची मांडी मोडली, क्रिकेट संपलं आणि घराची घडी विसकटली. आई अपपार्क नावाच्या हवेलीत घरव्यवस्था सांभाळायला गेली आणि मुलाला साउथसीच्या कापडदुकानात उमेदवारीला ठेवलं. दिवसाचे तेरा-तेरा तास काम. दोन वर्षांत तो या कामाला इतका विटला, की आईच्या मागे लागून त्याने ते सोडलंच.

पुढे मिडहर्स्टच्या शाळेत शिकवता शिकवता तो परीक्षा देत गेला आणि १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञानशाळेत दाखल झाला. तिथे टी. एच. हक्स्लीसारखे गुरू लाभले. पण १८८७ मध्ये, वेल्समधल्या होल्ट गावी मास्तरकी करत असताना, फुटबॉल खेळताना त्याच्या मूत्रपिंडाला जबर मार बसला. पुढची कित्येक वर्षं तब्येतीने साथ दिली नाही. मास्तरकी झेपेना, म्हणून तो लिखाणाकडे वळला. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ आलं, १८९८ मध्ये ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ आणि १९०१ मध्ये चंद्रावरच्या प्रवासाची कादंबरी. अवघ्या काही वर्षांत कापडदुकानातला पोऱ्या जगभर वाचला जाऊ लागला.

समुद्राकाठी सँडगेटला त्याने घर बांधलं. पत्नी जेन आणि जिप व फ्रँक ही दोन मुलं. संसार दिसायला सुखाचा होता. वेल्सच्या इतर प्रेमप्रकरणांची झळ मात्र जेनला सोसावी लागली, हेही सांगायलाच हवं. मुलांबरोबर तो फरशीवर लाकडी ठोकळ्यांची बेटं आणि शहरं रचायचा. त्यातून १९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ हे पुस्तक निघालं. त्याच सुमाराचा एक किस्सा आहे. जेवण झाल्यावर एका मित्राने जवळच्या टेबलावरची स्प्रिंगची खेळण्यातली तोफ घेतली आणि शिशाच्या शिपायावर नेम धरला. हा मित्र म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम. शिपाई पडला आणि मोठी माणसं खेळायला बसली!

१९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ आलं. त्यातले नियम वाचताना मला आमचा शनिवार दिसला. मधे पडदा लावून दोघांनी गुपचूप सैन्य मांडायचं, मग पडदा काढायचा. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेजवळ चार शिपाई असतील तरच ती डागता येते. चाल ठरावीक मिनिटांत संपवायची, घड्याळ हातात घेऊन. फाशांवर काही नाही, सगळं नेमावर आणि डोक्यावर. मुखपृष्ठावर त्याने मोठ्यांना आणि मुलांना तर बोलावलं आहेच, शिवाय मुलींमधल्या हुशार मुलींनाही परवानगी दिली आहे. ती मेहरबानी मी हसून स्वीकारली.

पण पुस्तकाचा शेवट हसण्यावारी नेता येत नाही. वेल्स तिथे सांगतो, की हे छोटं युद्ध तीन-चारदा खेळून बघा, म्हणजे खरं युद्ध किती गोंधळाचं आणि मूर्खपणाचं असेल ते कळेल. इथे कुणाचं शरीर फाटत नाही, कुणाचं शेत जळत नाही. ज्यांना लढाईची खुमखुमी आहे त्यांना एका खोलीत कोंडावं आणि भरपूर शिपाई खेळायला द्यावेत, अशी त्याची सूचना.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध पेटलं. आणि वेल्सने काय केलं? या युद्धाने सगळी युद्धं संपतील, असं सांगणारे लेख लिहिले. त्यांचं पुस्तकही निघालं. १९१८ मध्ये काही काळ शत्रुविरोधी प्रचाराच्या सरकारी कामातही तो होता. खेळात शहाणा झालेला माणूस खरी वेळ आल्यावर वाहून गेला. हे वाचून मी खट्टू झाले.

पण १९१६ मध्ये त्याने ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ ही कादंबरी लिहिली. त्यात ब्रिटलिंगचा मुलगा युद्धात मारला जातो. घरी शिकवायला असलेला, पलीकडच्या बाजूने युद्धात उतरलेला जर्मन तरुणही मरतो. शेवटी हा इंग्रज बाप त्या जर्मन मुलाच्या आईवडिलांना पत्र लिहायला बसतो. वेल्सची स्वतःची मुलं युद्धावर जाण्याच्या वयाची नव्हती, तरी ते पत्र त्याने लिहिलं. माझ्या मते काकांचा प्रश्न वेल्सलाही याच वेळी पडला असणार. यात माणसं किती होती?

पुढे त्याने सगळ्या मानवजातीचा एकत्र इतिहास लिहिला आणि १९४० मध्ये माणसाच्या हक्कांवर पुस्तक काढलं. बाँब पडत असतानाही त्याने लंडन सोडलं नाही. १९४३ मध्ये त्याने कॅथलिक चर्चवर फार कडवट पुस्तक लिहिलं. त्यातलं मला पटत नाही, आणि कॅथलिक मुलगी म्हणून ते बोचतंही. पण चेस्टरटनची आठवण येते. तो १९२२ मध्ये कॅथलिक झाला. त्याचे आणि वेल्सचे विचार कधी जुळले नाहीत, तरी मैत्री टिकली. दोघांनी मिळून ‘जाइप’ नावाचा एक खेळ काढला होता, ज्याला नियमच नव्हते. दोघं फक्त तो खूप जुना आणि प्रसिद्ध खेळ असल्यासारखं त्याबद्दल बोलायचे!

हिरोशिमानंतर एका वर्षाने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, वेल्स लंडनमध्ये वारला. अणुबाँब हा शब्द त्याने १९१४ च्या एका कादंबरीत आधीच वापरला होता. तो खरा झालेला बघूनच तो गेला. त्याची राख समुद्रात सोडण्यात आली.

आम्ही अजून खेळतो. खेळ सोडावा असं वेल्स वाचून मला वाटलं नाही. खेळ म्हणजे तयारी आहे असंही वाटलं नाही. १९१३ चा वेल्स सगळं जाणून होता, तरी १९१४ मध्ये चुकला. त्यामुळे फरशीवर शिकलेलं फरशीबाहेर नेणं हे वेगळंच काम आहे, एवढं कळलं.

मित्राची परीक्षा जवळ आलीय. गेल्या शनिवारी डाव मांडताना त्याने न बोलता प्रत्येकाच्या कागदावरची माणसांची रांग मोजली आणि आकडा वरच्या कोपऱ्यात लिहिला. मग आम्ही ऊर्जा वाटायला बसलो. मी त्या दिवशी जास्तीची ऊर्जा ढालींना दिली, आणि हरले.