कमला सोहोनी

सजीवांच्या शरीरात क्षणोक्षणी असंख्य रासायनिक क्रिया घडत असतात. शरीराच्या मंद उष्णतेतच त्या वेगाने पार पडतात, कारण पेशींमध्ये त्या क्रियांना गती देणारे पदार्थ असतात. त्यांना विकरे म्हणतात. ती दुसऱ्यांचे काम घडवून आणतात, पण स्वतः खर्ची पडत नाहीत. सजीवांच्या ह्या रसायनशास्त्राच्या अभ्यासात कमलाबाई सोहोनी यांनी आपले आयुष्य वेचले.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवतांच्या घराण्यात झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांचे शिक्षण झाले होते. विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या कमलाबाईंच्या भगिनी. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. बंगळूरच्या त्याच संस्थेत संशोधन करावे, अशी त्यांची मनीषा होती.

परंतु त्यांचा अर्ज नाकारण्यात आला. संस्थेचे संचालक, नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन, स्त्रियांना संशोधनासाठी प्रवेश देण्यास तयार नव्हते. कमलाबाई निमूटपणे परतल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या, नकाराचे कारण विचारले आणि सत्याग्रहाचा निश्चय प्रकट केला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण कठोर अटींवर. पहिले वर्ष त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्यामुळे संस्थेतील इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये, असेही बजावण्यात आले. ह्या अटींतील अपमान त्यांना आयुष्यभर सलत राहिला. तरीही त्यांनी त्या स्वीकारल्या आणि श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. वर्ष सरले तेव्हा त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना रीतसर संशोधनाची अनुमती मिळाली, आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

१९३६ साली एम. एस्सी. होऊन त्या पुढील वर्षी इंग्लंडमधील केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करताना त्यांना बटाट्यात ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन आढळले. पेशीच्या श्वसनक्रियेत त्याचे कार्य मोठ्या महत्त्वाचे असते. ते केवळ बटाट्यातच नव्हे, तर वनस्पतींच्या सर्व पेशींत असते, असे त्यांनी दाखविले. केंब्रिजच्या बटाट्यात आणि नाशिकच्या द्राक्षवेलीत श्वसनाची हीच व्यवस्था चालते. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

परदेशी न राहता कमलाबाई त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर, १९४७ साली विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. आता त्यांचे लक्ष गरिबांच्या अन्नाकडे वळले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला. नीरेमुळे कुपोषितांची प्रकृती सुधारते, असे त्यांना दिसून आले. ह्या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले.

कडधान्यांचा अभ्यासही त्यांनी चालू ठेवला. आपल्या पोटात प्रथिने पचविणारे ‘ट्रिप्सिन’ नावाचे विकर असते. कच्च्या कडधान्यांतील काही पदार्थ त्याचे काम रोखून धरतात. ह्या रोधक पदार्थांवर कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले. उष्णतेने अशा पदार्थांच्या रेणूंची घडी मोडते व त्यांचा जोर ओसरतो. कुकरमध्ये वाफेचा दाब वाढून पाणी शंभर अंशांहून अधिक तापते. म्हणून त्यात शिजविलेली उसळ पचण्यास सुलभ होते.

रेणूचे सामर्थ्य त्याच्या घडीत असते, ही गोष्ट पुढे आणखी एका शोधाने अधोरेखित झाली. विकरे म्हणजे प्रथिनेच, असे दीर्घकाळ मानले जाई. १९८२ साली अमेरिकेत टॉमस चेक यांना आढळले की, पेशीतील आरएनए हा रेणूही स्वतः रासायनिक क्रिया घडवू शकतो. महासागराच्या अतिखोल तळाशी पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपट होतो. प्रयोगशाळेत तसा प्रचंड दाब दिला असता अशा काही आरएनए रेणूंची घडी बदलते आणि त्यांचे काम मंदावते, असे नंतरच्या प्रयोगांत दिसून आले.

पुढे कमलाबाई मुंबईच्या त्या संस्थेच्या संचालिका झाल्या. १९६६ साली स्थापन झालेल्या ग्राहक संघटनेच्या त्या एक संस्थापक होत्या. अन्नातील भेसळीविषयी लोकांना जागे करण्याचे काम त्यांनी निष्ठेने केले. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या गौरवाच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले. बंगळूरच्या ज्या संस्थेने त्यांना एक वर्ष पारखून घेतले, तेथे आज अनेक तरुणी संशोधन करीत आहेत. त्या वाटेवरचे पहिले कठीण पाऊल कमलाबाईंनी टाकले होते.