पाऊस, चिखल आणि फ्रिट्झ वाल्टर

फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस कोसळला आणि बलाढ्य संघ हरला, की पराभवाचे खापर पावसावर फोडले जाते. पाऊस मैदानाच्या दोन्ही अर्धांवर सारखाच पडतो हे उघड आहे. परंतु त्याचा परिणाम दोन्ही संघांवर सारखाच होतो काय, हा प्रश्न वेगळा आहे. निलंग्यासारख्या काळ्या मातीच्या मुलखात या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्यालाही देता येईल. एकाच शिवारात, एकाच दिवशी पडलेल्या पावसाने एकाच्या रानाला चांगला वाफसा येतो आणि शेजारच्या रानात पाणी तुंबून पेरणी खोळंबते. रानाचा उतार, बांधबंदिस्ती आणि अवजारांची सिद्धता यांनी पावसाचा निवाडा आभाळ भरून येण्यापूर्वीच पुष्कळसा करून ठेवलेला असतो. खेळाच्या मैदानावर हीच गोष्ट ज्याच्या चरित्राने स्पष्ट होते, तो खेळाडू म्हणजे पश्चिम जर्मनीच्या १९५४ सालच्या जगज्जेत्या संघाचा कर्णधार फ्रिट्झ वाल्टर. संततधार पावसाच्या दिवसाला जर्मन लोक आजही त्याच्या नावाने ओळखतात.

वाल्टरचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२० रोजी कायझर्सलाउटर्न या मध्यम आकाराच्या गावी झाला. आईवडील तेथील फुटबॉल क्लबचे उपाहारगृह चालवीत असल्यामुळे चेंडू आणि मैदान यांचा सहवास त्याला लहानपणापासूनच लाभला. उपजीविकेसाठी त्याने बँकेतील कामाचे शिक्षण घेतले. तथापि, त्याची खरी गती मैदानावरच होती. १४ जुलै १९४० रोजी रुमानियाविरुद्ध तो प्रथमच राष्ट्रीय संघातून खेळला आणि त्या पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. प्रशिक्षक सेप हेर्बर्गर यांना आपल्या मनातील खेळ मैदानावर उतरविणारा माणूस गवसला होता. दोघांचे हे गुरुशिष्याचे नाते पुढे आयुष्यभर टिकले.

परंतु तो काळ खेळाचा नव्हता. हिटलरच्या राजवटीने पेटविलेल्या युद्धाने लक्षावधी तरुणांप्रमाणे वाल्टरलाही सैन्यात ओढून नेले. ऐन उमेदीची वर्षे तेथे गेली आणि त्यातच त्याला हिवतापाने गाठले. हा ज्वर बरा झाला तरी त्याची छाया शरीरावर कायमची राहिली. कडक उन्हात त्याची शक्ती झपाट्याने ओसरे. उलट गारवा असला, पाऊस पडत असला, म्हणजे त्याचा खेळ फुलून येई. खेळाडूची आवडनिवड म्हणून जी गोष्ट पुढे दंतकथा बनली, तिचे मूळ अशा रीतीने एका आजारात, म्हणजेच पर्यायाने युद्धात होते.

युद्ध संपले तेव्हा वाल्टर सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात होता. रुमानियाच्या सीमेवरील एका छावणीत पुढच्या रवानगीची वाट पाहत असताना पहारेकऱ्यांच्या फुटबॉलमध्ये तो सामील झाला. त्यातील एका हंगेरियन पहारेकऱ्याने युद्धकाळात त्याचा खेळ पाहिला होता आणि त्याने वाल्टरला ओळखले, असे सांगतात. त्या अनामिक माणसाने रदबदली केली आणि वाल्टरचे नाव पूर्वेकडे, सैबेरियाच्या दिशेने जाणाऱ्या कैद्यांच्या यादीतून गळाले. त्याच्यासमवेत त्याचा धाकटा भाऊही सुटला. १९४५ च्या ऑक्टोबरअखेर दोघे घरी पोचले. हंगेरीच्या एका माणसाने जीवदान दिलेला हा खेळाडू नऊ वर्षांनी हंगेरीच्याच संघाला जगज्जेतेपदापासून वंचित करणार होता!

परतल्यावर त्याच्यासमोर उद्‌ध्वस्त गाव आणि विस्कटलेला क्लब होता. अन्नधान्याची चणचण असलेल्या त्या दिवसांत वाल्टरने आपल्या क्लबची उभारणी सुरू केली. १९४८ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाने हुलकावणी दिली. १९५१ आणि १९५३ मध्ये मात्र ते या गावाने पटकावले. परदेशी क्लबांकडून पैशाची मोठी आमिषे आली, पण वाल्टरने गाव सोडले नाही. हेर्बर्गर यांनी राष्ट्रीय संघाची जुळणी करताना या एकाच क्लबचे पाच खेळाडू मुख्य संघात घेतले. त्यांत फ्रिट्झ आणि त्याचा भाऊ ओटमार हे दोघे होते. विश्वचषक स्पर्धा महिन्यावर आली असताना मे १९५४ मध्ये हाच क्लब राष्ट्रीय अंतिम सामन्यात हॅनोव्हरकडून ५-१ असा सपाटून हरला. हेर्बर्गर यांच्या निवडीवर टीकेची झोड उठली. परंतु त्यांनी आपला कर्णधार बदलला नाही.

स्वित्झर्लंडमधील त्या स्पर्धेत हंगेरीचा संघ सर्वांत बलाढ्य मानला जात होता, आणि ते यथार्थच होते. १९५० पासून तो अपराजित होता. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले होते आणि १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे नमविले होते. प्राथमिक फेरीत त्याने पश्चिम जर्मनीचा ८-३ असा धुव्वा उडविला. हेर्बर्गर यांनी त्या दिवशी आपले अनेक प्रमुख खेळाडू राखून ठेवले होते. हंगेरीचा कर्णधार फेरेन्स पुश्काश याचा घोटा मात्र त्याच सामन्यात दुखावला आणि पुढील दोन सामने त्याला खेळता आले नाहीत. इकडे जर्मन संघाने तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया आणि ऑस्ट्रिया यांना हरवून अंतिम सामना गाठला.

४ जुलै १९५४. बर्न शहरातील वांकडॉर्फ मैदान. दुपारी पाऊस लागला आणि तो थांबला नाही. संघातील सर्वांना आपल्या कर्णधाराची प्रकृती ठाऊक होती. त्यामुळे आभाळाकडे पाहून इतरांचे चेहरे उतरले असते, तेथे जर्मन खेळाडूंना धीर आला. संघासोबत जोडे बनविणारा आदी डास्लर हा उद्योजक होता. त्याने तयार केलेल्या बुटांच्या तळव्यांचे खिळे, ज्यांना खेळाडू स्टड म्हणतात, पेचाने काढता-बसविता येत. मैदान निसरडे होताच आखूड स्टडच्या जागी लांब स्टड बसविण्यात आले. शिवाय हे बूट वजनानेही हलके होते.

ओल्या मैदानावर खेळात नेमके काय बदलते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. गवताचा पृष्ठभाग नुसता भिजलेला असेल तर चेंडू घसरून अपेक्षेपेक्षा वेगाने जातो. चिखल झाला की तोच चेंडू मध्येच अडून बसतो. त्या काळचा चामडी चेंडू पाणी शोषून जड होई. धावता धावता एकाएकी वळणाऱ्या खेळाडूचा पाय निसटतो. जमिनीलगतचे आखूड, अचूक पास देत पुढे सरकणाऱ्या संघाची लय त्यामुळे तुटते. गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटण्याचा संभव वाढतो. सारांश, पावसाने अनिश्चितता वाढते. आणि अनिश्चितता वाढली की सरस संघाचे वर्चस्व थोडे कमी होऊन दुबळ्याची संधी थोडी वाढते. परंतु वाढलेली संधी म्हणजे विजय नव्हे. ती पदरात पाडून घेण्याची सिद्धता दुबळ्याजवळ असावी लागते.

त्या दिवशीच्या खेळाने ही दोन्ही सत्ये दाखविली. सहाव्या मिनिटाला पुश्काशने गोल केला. आठव्या मिनिटाला ओला चेंडू जर्मन गोलरक्षक टुरेकच्या हातून निसटला आणि त्सिबोरने तो जाळ्यात ढकलला. म्हणजे पावसाने पहिली देणगी दिली ती हंगेरीलाच! दोन गोलांच्या पिछाडीवर पडलेल्या संघाने, त्यातही ८-३ ची आठवण ताजी असताना, हातपाय गाळले असते तर नवल नव्हते. तसे झाले नाही. दहाव्या मिनिटाला मोरलॉकने एक गोल फेडला. अठराव्या मिनिटाला वाल्टरने मारलेल्या कॉर्नरवर हेल्मुट रानने बरोबरी साधली. त्यानंतर तासाहून अधिक काळ हंगेरीने आक्रमणांचा वर्षाव केला. चेंडू गोलच्या खांबांवर आदळले. टुरेकने आधीची चूक धुऊन काढत अनेक गोल वाचविले. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला रानने डाव्या पायाने तिसरा गोल केला. अखेरच्या क्षणी पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला, पण तो ऑफसाइड ठरला. पश्चिम जर्मनी ३-२ असा विजयी झाला.

मग विजयाचे श्रेय पावसाला द्यावे काय? हंगेरीचा संघ चिखलाला भिणारा नव्हता; याच मैदानावर आठवड्यापूर्वी भर पावसात त्याने ब्राझीलला ४-२ असे हरविले होते. परंतु चार दिवसांपूर्वीचा उरुग्वेविरुद्धचा उपांत्य सामना त्याला जादा वेळेपर्यंत खेळावा लागला होता आणि थकलेल्या पायांना जड मैदान अधिक जड होते. दुखऱ्या घोट्याचा पुश्काश पूर्ण नव्वद मिनिटे खेळला, कारण राखीव खेळाडू उतरविण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत नव्हती. उलट जर्मन कर्णधाराला हवामान अनुकूल, बूट अनुकूल आणि प्रमुख खेळाडूंना पहिल्या पराभवाच्या वेळी मिळालेली विश्रांतीही अनुकूल. जर्मन खेळाडूंना देण्यात आलेल्या इंजेक्शनांविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या, हेही नोंदविले पाहिजे. पावसाने एवढेच केले, की दोन्ही बाजूंची जी काही शिल्लक आणि जी काही तूट होती, ती ठळक केली.

भारतीय वाचकाला या विवेचनात आपलाही एक धडा सापडेल. १९११ मध्ये मोहन बागानने ब्रिटिश पलटणीला हरवून आयएफए ढाल जिंकली, तेव्हा त्या संघातील अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. कोरड्या, टणक जमिनीवर अनवाणी पायाची चपळता हे वैभव होते. ते पाहून परकीय थक्क होत. परंतु पुढे अनवाणी खेळण्याच्या अभिमानात निसरड्या आणि थंड मैदानांची तयारी राहून गेली. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या गारठ्यात बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या भारतीय संघाचा युगोस्लाव्हियाने १०-१ असा पराभव केला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ मध्ये मेलबर्नला भारतीय संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचला, आणि गोव्यात जन्मलेल्या व मुंबईत खेळलेल्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. कौशल्य तर आपल्याकडे आधीही होतेच. मग चार वर्षांच्या या अंतरात बुटांचा वाटा किती, याचा विचार करावा. गुणांना साधनांची जोड न मिळाली तर प्रतिकूल हवामान प्रथम गुणवंतालाच दंड करते.

बर्नच्या विजयाने युद्धोत्तर जर्मनीचा आर्थिक चमत्कार घडविला, असे वारंवार सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या कसोटीवर हे टिकत नाही. चलनसुधारणा १९४८ च्या जूनमध्येच झाली होती, मार्शल योजनेचे साहाय्य येऊन गेले होते आणि कारखान्यांची धुराडी पुन्हा पेटली होती. विजयाने संपत्ती निर्माण केली नाही. अपराधाच्या आणि पराभवाच्या ओझ्याखाली वाकलेल्या समाजाला, कोणाला न चिरडताही मान वर करता येते, एवढे त्याने दाखविले. तो आनंदही सर्वस्वी निर्मळ नव्हता. बक्षीससमारंभात काही जर्मन प्रेक्षकांनी राष्ट्रगीताचे नाझी काळामुळे कलंकित झालेले कडवे गायिले, तेव्हा युरोपच्या काळजात धस्स झाले. अशा वेळी विजयी कर्णधार मितभाषी, स्वतःविषयी साशंक आणि यशाचे श्रेय इतरांना देणारा होता, हे त्या देशाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

वाल्टर १९५८ च्या विश्वचषकातही खेळला. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. स्वीडनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात झालेली दुखापत त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची अखेर ठरली. एकसष्ट सामने आणि तेहतीस गोल ही त्याची राष्ट्रीय संघासाठीची नोंद. युद्धाने ऐन भरातील वर्षे गिळली नसती तर ती किती वाढली असती, याचा हिशेब कोणी मांडावा? निवृत्तीनंतर त्याने पुस्तके लिहिली आणि हेर्बर्गर यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेच्या वतीने तुरुंगांत जाऊन कैद्यांना तो भेटत राहिला. छावणीचे तारांचे कुंपण आतून पाहिलेल्या माणसाला हे काम जवळचे वाटले असावे. १९८५ मध्ये कायझर्सलाउटर्नच्या मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. १७ जून २००२ रोजी, जपान-कोरियात विश्वचषक स्पर्धा चालू असतानाच, त्याचे निधन झाले. चार वर्षांनी विश्वचषक जर्मनीत आला, तेव्हा त्याच्या नावाच्या मैदानावर सामने झाले.

आज पाण्याचा झटकन निचरा होणारी मैदाने आहेत, पाणी न शोषणारे चेंडू आहेत. परंतु तालुक्याच्या गावी अजूनही पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान पायाला धरून ठेवते, आणि चांगले बूट असलेला विद्यार्थी व नसलेला विद्यार्थी यांच्या धावण्यात कोरड्या दिवशी न दिसणारे अंतर त्या दिवशी दिसते. त्या अंतराला नशीब हे नाव देऊन मोकळे होता येणार नाही. मैदानाचा उतार काढणे, चर खोदणे, मुलांना पायात घालायला योग्य ते देणे आणि पावसातही सराव चालू ठेवणे ही कामे कोरड्या ऋतूत, कोणी पाहत नसताना करावयाची असतात. ज्या देशाची बरीचशी शेती आजवर आभाळावर विसंबून राहिली, त्याला हा नियम नवा नाही. फ्रिट्झ वाल्टरला पाऊस लाभला तो दैवाने. त्या पावसात उभे राहता आले ते मात्र हिवताप, बंदिवास आणि पराभव यांतून हळूहळू बांधत आणलेल्या तयारीने.