शेख महंमद श्रीगोंदेकर

विद्यार्थी मित्रांनो, मराठी ही आपली भाषा नव्हे असे घरात कुणी म्हणाले, तर त्यांना शेख महंमदांचे नाव सांगा. त्यांचे घराणे मूळचे बीड भागातले मानले जाते, म्हणजे आपल्या लातूरच्या शेजारचेच. वडील राजे महंमद कादरी परंपरेतले. गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्यांचेच शिष्य, असे परंपरा सांगते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यास मठ बांधून दिला, असेही सांगतात.

१६४५ साली त्यांचा ‘योगसंग्राम’ पुरा झाला. नाव लढाईचे, पण रणांगण माणसाच्या मनातले. काम, क्रोध, लोभ, अहंकार हे तिथले शत्रू. सूफी मंडळी ज्याला नफ्सशी झुंज म्हणतात तीच ही, फक्त मराठी ओवीत. आणि पालकहो, ढोंगी फकीर व ढोंगी गुरू या दोघांनाही त्यांनी सारखेच झोडपले, हे मला विशेष वाटते. त्या काळी मराठीत मुसलमानाला ‘अविंध’ म्हणत. तो शब्द ते स्वतःला उघडपणे लावीत. वारकऱ्यांनी त्यांना संतांत गणले ते तो शब्द ऐकूनच.