पंजाबरावांनी वाचविलेले वावर

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. मँचेस्टरच्या गिरण्यांचा डोळा इथल्या काळ्या जमिनीवर होताच. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि अमरावती-अकोल्याच्या वावरांत पऱ्हाटी पसरली. गायरानेही नांगराखाली गेली. कापसामागोमाग सावकार आला.

अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी एका कुणबी घरात २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबराव देशमुख जन्मले. ते वर्ष-दीड वर्षाचे असतानाच मोठा दुष्काळ पडला. कापूस खाता येत नाही, हे वऱ्हाडने तेव्हा पाहिले.

विलायतेत त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्मावर डॉक्टरेट मिळविली, बॅरिस्टरही झाले. वेद कोळून प्यालेला हा माणूस अमरावतीत परतला आणि अंबादेवीच्या दारात अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिला! नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दुसऱ्याच वर्षी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. कापसाचा भाव कोसळलेला, गहाण वावरे लिलावात निघत होती. त्यांच्या प्रयत्नातून १९३३ चा कर्ज लवाद कायदा आला. सावकार आणि कुळ दोघांना मंडळापुढे बसवायचे, कर्ज तडजोडीने कमी करायचे, हप्ते बांधून द्यायचे, अशी ही व्यवस्था. कित्येक कास्तकारांची जमीन त्यामुळे राहिली. देवस्थानांच्या संपत्तीलाही त्यांनी विधेयक आणून हात घातला. सनातन्यांना ते झोंबले.

परंतु ज्याच्या नावावर वावर होते त्याचेच वावर वाचले, हे सांगितलेच पाहिजे. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती त्या महार-मांग सालदारांना, मजुरांना लवादापुढे मांडायला काय होते? १९५२ ते १९६२ पंजाबराव केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. शेतकरी संघटित करण्यासाठी त्यांनी भारत कृषक समाज काढला, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. मजुराच्या नावावर जमीन मात्र चढली नाही. ती मागायला ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन तुरुंगात गेले. तो सत्याग्रह थांबून दोन महिने होतात न होतात तोच, १० एप्रिल १९६५ रोजी पंजाबरावांचे दिल्लीत निधन झाले.

१९६९ साली अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ उभे राहिले. पुढच्या काळात वऱ्हाडातून ज्वारी हटली, सोयाबीन आले. ज्वारीबरोबर कडबा गेला आणि मजुराला धान्यात मिळणारी मजुरीही गेली. सोयाबीनच्या काढणीला तर आता यंत्रे उतरतात.

उरली ती ई-क्लास जमीन. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी काढला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, २०११ पासून, तेच शासन गायराने मोकळी करण्याची भाषा बोलू लागले. या जमिनी कसणाऱ्यांपैकी अनेकांचे नाव आजही सातबाऱ्यावर नाही.