रानफुलांची ओळख

मुलांनो, झरीच्या शिवारात अनोळखी रानफूल दिसले, तर तुम्ही कोणाला तरी त्याचे नाव विचाराल. पण ते कोणालाच ठाऊक नसेल तर?

जोसेफ डाल्टन हूकर यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांचा जन्म १८१७ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८४८ मध्ये ते दार्जिलिंगला आले. सिक्कीमच्या डोंगरांत त्यांना ऱ्होडोडेंड्रॉनची, म्हणजे गुरांसची, अनेक अनोळखी झाडे दिसली. डोंगरात राहणारे लेपचा लोक त्यांना मदत करीत.

हूकर नवे नाव देण्याची घाई करीत नसत. पानाखालची लव आणि फुलातील पुंकेसर ते बारकाईने पाहत, चित्र काढत आणि फांदी कागदात दाबून वाळवत. मग ते माहीत असलेल्या जातींशी ती ताडून पाहत. कोणाशीच जुळली नाही, तरच ती नवी जात ठरे.

नोव्हेंबर १८४९ मध्ये सिक्कीममध्ये त्यांना अटक झाली. डिसेंबरमध्ये सुटका झाली. पुढच्याच वर्षी ते खासी टेकड्यांत पुन्हा झाडे शोधू लागले. सिक्कीमच्या गुरांसांवरील त्यांच्या ग्रंथात ३० रंगीत चित्रे आहेत. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांनो, तुम्हीही आधी नीट पाहा, मगच नाव सांगा.