रने फाल्कोनेटी

रने जान फाल्कोनेटी (२१ जुलै, १८९२ - १२ डिसेंबर, १९४६) ह्या फ्रेंच अभिनेत्री होत्या. डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांच्या 'ला पास्याँ द जान दार्क' (१९२८) या मूकपटातील जोन ऑफ आर्कच्या भूमिकेसाठी त्या ओळखल्या जातात.

कारकीर्द

फाल्कोनेटी यांचा जन्म पॅरिसलगतच्या पाँतँ येथे झाला. त्या मुळात रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या व काही काळ कॉमेदी-फ्राँसेझ या नाट्यसंस्थेतही होत्या. ड्रायर यांनी त्यांना पॅरिसमध्ये एका हलक्याफुलक्या नाटकात पाहिले. त्या नाटकाचा जोनशी काडीचाही संबंध नव्हता. मात्र रंगभूषेविना त्यांचा चेहरा पाहिल्यावर ड्रायर यांनी त्यांची निवड केली.

जोनची भूमिका

१४३१ साली रूआँ येथे जोनवर चाललेला खटला आणि तिचे दहन एवढाच या चित्रपटाचा विषय आहे. खटल्याच्या मूळ नोंदींचा पटकथेसाठी आधार घेतला होता. चित्रीकरणासाठी खर्चिक किल्ला उभारण्यात आला, पण पडद्यावर तो क्वचितच दिसतो. बहुतेक चित्रपट चेहऱ्यांच्या समीपदृश्यांतूनच उलगडतो. छायालेखक रुडॉल्फ माटे यांनी वापरलेल्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर त्वचेच्या छटा नैसर्गिक उमटत. त्यामुळे नटांना रंगभूषा करू दिली नाही आणि न्यायाधीशांच्या चेहऱ्यांवरील सुरकुत्या, चामखिळी स्पष्ट दिसतात. जमिनीत खड्डे खणून कॅमेरा खाली ठेवल्याने हे न्यायाधीश अंगावर आल्यासारखे वाटतात. त्यांच्यासमोर फाल्कोनेटी जवळजवळ निश्चल असतात. रंगमंचावरील हातवारे येथे नाहीत. विस्फारलेले डोळे, किंचित हलणारे ओठ आणि ओघळणारे अश्रू यांवरच सारी भूमिका तोललेली आहे. पस्तिशीच्या या अभिनेत्रीने एकोणीस वर्षांची जोन साकारली, हे पाहताना जाणवतही नाही. चित्रीकरण कथेच्या क्रमानेच झाले आणि केस कापण्याच्या दृश्यात त्यांचे खरे केस कापले गेले. त्यांच्याकडून हा अभिनय काढून घेण्यासाठी ड्रायर यांनी त्यांचा छळ केल्याच्या कथा प्रचलित आहेत. सहकाऱ्यांच्या आठवणी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत.

उत्तरायुष्य

यानंतर त्यांनी चित्रपटात काम केले नाही. त्या रंगभूमीकडे परतल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी युरोप सोडला. ब्युएनोस आइरेस येथे त्यांचे निधन झाले.

चित्रपटाची मूळ निगेटिव्ह डिसेंबर १९२८ मध्ये बर्लिन येथील आगीत जळाली. उरलेल्या चित्रणातून ड्रायर यांनी दुसरी आवृत्ती जुळवली. पहिल्या आवृत्तीची प्रत १९८१ साली ऑस्लोजवळील एका मनोरुग्णालयाच्या कपाटात सापडली. आज दाखवला जाणारा चित्रपट प्रामुख्याने याच प्रतीवरून तयार केलेला आहे.