गाडगे महाराज

गाडगे महाराज (२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६) हे महाराष्ट्रातील कीर्तनकार, समाजसुधारक आणि लोकशिक्षक होते. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. गावोगावी फिरून स्वतःच्या हाताने रस्ते, गटारे आणि घरांपुढील जागा झाडणे व रात्री त्याच गावात कीर्तन करणे हा त्यांचा सुमारे पन्नास वर्षांचा नित्यक्रम होता. धर्मशाळा, घाट, अन्नछत्रे आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे त्यांनी लोकवर्गणीतून उभारली.

जन्म आणि बालपण

डेबूजींचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेणगाव (शेंडगाव) येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. त्यानंतर आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी गेल्या. मामांच्या घरी डेबूजींनी गुरे राखली आणि शेती केली. शाळेत जाणे घडले नाही. सावकारी कर्जात मामांची जमीन गेली, तेव्हा त्यांनी कर्ज आणि निरक्षरता यांचा संबंध जवळून पाहिला. दारू, कर्ज आणि देवापुढील पशुबळी हे पुढे त्यांच्या कीर्तनांचे मुख्य विषय झाले, ते या अनुभवातून. १८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंदांना ते रुचले नाही.

ऋणमोचनची वाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीत स्नान करून ओल्या अंगाने वर चढणाऱ्या यात्रेकरूंमुळे काठाची माती निसरडी होई आणि माणसे घसरून पडत. डेबूजींनी फावडे घेऊन चिखल उपसला, कोरडी माती टाकली आणि चढउतारासाठी वाट मोकळी केली. पुढे याच ठिकाणी लोकवर्गणीतून पक्का घाट बांधण्यात आला. त्यांच्या सर्व कामांचा क्रम येथे प्रथम दिसतो: आधी स्वतः हात घालायचा, मग लोक आपोआप जोडले जातात आणि पैसा त्यानंतर येतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी घर सोडले.

खराटा आणि गाडगे

अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे आणि हाती खराटा असा त्यांचा वेश असे. गाडग्यावरून त्यांना गाडगेबाबा हे नाव पडले. काही भागांत ते गोधडेबाबा किंवा चिंधेबुवा म्हणूनही ओळखले जात. घरातील केर काढण्याची केरसुणी मऊ असते, तर अंगण आणि रस्ता झाडण्याचा खराटा ताठ काड्यांचा असतो. बाबांनी खराटा निवडला, कारण त्यांचे काम उंबऱ्याबाहेरचे होते.

गावात शिरताच ते कोणालाही न विचारता झाडू लागत. प्रारंभी लोक वेडा समजून हसत, मग एखादा तरुण दुसरा खराटा घेऊन येई आणि दुपारपर्यंत निम्मे गाव कामाला लागलेले असे. श्रम केल्याशिवाय ते भाकरी स्वीकारत नसत. या कृतीत केवळ टापटिपीचा आग्रह नव्हता. सार्वजनिक जागेतील घाण उचलणे त्या काळी ठरावीक जातींवर लादलेले होते, आणि ज्याच्या दारापुढे कचरा पडे त्याला तो आपला वाटत नसे. घरमालकाच्या डोळ्यांदेखत त्याची जागा झाडून बाबा जातीच्या वाटणीवरच बोट ठेवत. उपदेश त्यानंतर रात्री होई.

पंढरपूरच्या वारीत भाविक दर्शनाच्या रांगेत असताना ते चंद्रभागेचे वाळवंट झाडत. देवळात जाण्याचे त्यांनी टाळले, असे चरित्रकार नमूद करतात.

कीर्तन

त्यांची कीर्तने वऱ्हाडी बोलीत असत. श्रोत्यांना साधे प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे, ही त्यांची पद्धत होती. अस्पृश्यता, नवस, हुंडा व सणासुदीचे कर्ज यांवर ते प्रहार करत आणि मुलांना शिकवण्यासाठी प्रसंगी जेवणाचे ताट मोडण्याची तयारी ठेवायला सांगत. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद याच्या मृत्यूची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

संस्था आणि कुटुंब

पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारल्या. मुंबईतील धर्मशाळेचा उपयोग बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना झाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. १९५२ मध्ये सर्व संस्थांचा विश्वस्त निधी करण्यात आला, त्यात स्वतःच्या नातेवाइकांना त्यांनी कोणताही अधिकार ठेवला नाही. कुंताबाईंचे जीवन मात्र हलाखीत गेले. बाबांच्या त्यागाच्या वर्णनात ही बाजू बहुधा एका वाक्यात उरकली जाते.

वांद्र्याचे कीर्तन आणि निधन

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई उपनगरातील वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते अखेरचे ठरले. आयुष्यभर खेड्यांच्या वाटा झाडणाऱ्या माणसाचा शेवटचा श्रोतृवर्ग पोलीस आणि उपनगरवासीयांचा होता. त्यानंतर त्यांची प्रकृती खालावत गेली. अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावती येथे आहे.

स्मृती

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. राजदत्त दिग्दर्शित ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी त्यांची भूमिका केली. राज्य शासनाने २००० पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान राबवले. त्यात स्वच्छ गावांना बक्षिसे दिली जातात. अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. मुंबईत दादर येथे कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांकरिता त्यांच्या नावाची धर्मशाळा चालते.